चव हे कारण की उत्तर? चीनमधल्या केएफसीवरचं लिखाण वाचताना

मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने तिच्या प्रस्तावाचा कच्चा खर्डा मला वाचायला पाठवला. बहुराष्ट्रीय खाद्यसाखळ्या आणि स्थानिकता असा विषय. संदर्भ नीट जमवलेले, भाषा स्वच्छ. पण तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं : केएफसीने चिनी लोकांच्या चवीनुसार मेन्यू बदलला, म्हणून ती चीनमध्ये यशस्वी झाली.

मला आधी हसू आलं, मग पोटात जरा कालवलं. कारण जवळजवळ हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी माझ्या सिनॉप्सिसमध्ये होतं. माझा विषय चीन नाही, मी शहरातल्या न्याहारीच्या गाड्यांवर काम करते. पण सैद्धान्तिक चौकट म्हणून मी चीनमधल्या अमेरिकन फास्ट फूडवरचं लिखाण घेतलं होतं, आणि त्यातून हे वाक्य उचललं होतं. आरएसीच्या बैठकीत एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, "लोकांची चव अशी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?" मी म्हटलं, "सर, मेन्यू बदलला त्यावरून." "बरं. आणि मेन्यू का बदलला?" "लोकांची चव तशी होती म्हणून." पुढे कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, माझं मलाच ऐकू आलं होतं. सिनॉप्सिस परत आला आणि सहा महिने गेले.

तर आज हे वाक्य आपण सुटं करून बघू. तुमच्यापैकी बरेच जण प्रस्ताव लिहिण्याच्या टप्प्यावर आहात, आणि असं एखादं वाक्य तुमच्याही खर्ड्यात कुठेतरी बसलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

आधी एक गोष्ट कबूल करू. वाक्यातली माहिती खोटी नाही. चीनमधल्या केएफसीत सकाळी तांदळाची पेज मिळते. योउत्याओ मिळतो, म्हणजे तळलेली, फुगीर, लांब मैद्याची काडी, जी सोया दुधाबरोबर खातात. 'जुन्या बीजिंगची चिकन गुंडाळी' नावाचा प्रकार मिळतो, त्यात तळलेल्या चिकनबरोबर काकडी, कांद्याची पात आणि बदकाच्या प्रसिद्ध पदार्थाबरोबर असतो तसा गोडसर सॉस असतो. मकाऊहून आलेला पोर्तुगीज वळणाचा अंड्याचा टार्ट मिळतो. मॅकडोनाल्ड्समध्ये अरवीच्या जातीच्या कंदाचा पाय मिळतो. हे सगळं आहे. घोळ आहे तो त्या 'म्हणून'मध्ये.

घोळ ओळखायची सगळ्यात सोपी, आणि आपण सगळ्यात कमी वापरतो ती युक्ती म्हणजे तारखा एका कागदावर लिहून काढणं. केएफसीचं चीनमधलं पहिलं दुकान उघडलं नोव्हेंबर १९८७मध्ये, बीजिंगच्या छ्येनमन भागात, तियानानमेन चौकाजवळ. मॅकडोनाल्ड्स १९९०मध्ये शेन्झेनला आलं आणि १९९२च्या एप्रिलमध्ये बीजिंगच्या वांगफूचिंग रस्त्यावर. तिथे ७०० खुर्च्या होत्या आणि पहिल्याच दिवशी सुमारे ४०,००० गिऱ्हाइकं येऊन गेली. आता दुसरी रांग लिहा. केएफसीत पेज आली २००२च्या आसपास, बीजिंगची गुंडाळी २००३मध्ये, योउत्याओ २००८मध्ये.

दोन रांगांमधलं अंतर बघा. जवळजवळ पंधरा वर्षं. छ्येनमनच्या त्या पहिल्या दुकानात तळलेलं चिकन, बटाट्याचा लगदा, कोबीची कोशिंबीर, पाव आणि थंड पेयं एवढंच मिळायचं, आणि त्यासाठी लोक रांगा लावत होते. पेज आवडणारी जीभ काय २००२मध्ये जन्माला आली? १९८७मध्येही ती होतीच. जी गोष्ट सगळा काळ जशीच्या तशी आहे, ती एका विशिष्ट वर्षी झालेल्या बदलाचं कारण कशी असेल? निदान एकटी तरी असू शकत नाही. त्या वर्षी आणखी काहीतरी बदललं असलं पाहिजे, आणि संशोधकाचं काम ते शोधायचं आहे.

इथे भारताशी तुलना करायचा मोह होतो, आणि एका मर्यादेपर्यंत ती उपयोगी आहे. १९९६मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं तेव्हा पहिल्या दिवसापासून गोमांस नव्हतं, डुकराचं मांस नव्हतं, शाकाहारी पदार्थांची तयारी वेगळी होती. इथला बदल दारात पाऊल टाकायची अट होती. चीनमध्ये अशी कुठलीही अट नव्हती. तरी आपल्या लिटरेचर रिव्ह्यूंमध्ये हे दोन्ही बदल 'स्थानिकीकरण' या एकाच टोपलीत पडतात. निषेधामुळे केलेला बदल आणि धंदा वाढवण्यासाठी पंधरा वर्षांनी केलेला बदल, ही एकच प्रक्रिया आहे का? मला नाही वाटत.

मग त्या पहिल्या पंधरा वर्षांत लोक कशासाठी येत होते? यावर वाचण्यासारखं सगळ्यात चांगलं लिखाण म्हणजे 'गोल्डन आर्चेस ईस्ट' हे १९९७चं पुस्तक. संपादक जेम्स वॉटसन. बीजिंग, हाँगकाँग, तैपेई, सोल आणि जपान अशा पाच ठिकाणच्या मॅकडोनाल्ड्सवर मानववंशशास्त्रज्ञांनी लिहिलेली प्रकरणं त्यात आहेत. बीजिंगवरचं प्रकरण युन्श्यांग यान यांचं आहे, १९९४च्या फील्डवर्कवर आधारलेलं. फास्ट फूडमध्ये तुम्हाला काडीचा रस नसला तरी हे प्रकरण वाचा, निरीक्षण कसं करावं हे कळण्यासाठी.

यान यांना जे दिसलं ते असं : लोक बर्गरला जेवण मानायलाच तयार नव्हते. पोट भरत नाही, हे तर मधल्या वेळचं खाणं, असं त्यांना सांगण्यात आलं. काहींना चवही फारशी आवडलेली नव्हती. तरी ते येत होते, पोराबाळांना घेऊन येत होते आणि बसून राहत होते. अमेरिकेत जी जागा पटकन खाऊन बाहेर पडण्यासाठी आखलेली आहे, ती बीजिंगमध्ये निवांत बसायची जागा झाली. उजेड, स्वच्छता, चांगली स्वच्छतागृहं, हसून बोलणारे कर्मचारी, मुलांची नावं लक्षात ठेवणाऱ्या 'मॅकडोनाल्ड्सच्या मावश्या'. प्रेमी जोडप्यांना कोपऱ्यातली टेबलं. बायकांना एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर येऊन बिनदिक्कत बसता येत होतं.

आणि आता यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं निरीक्षण. चिनी उपाहारगृहात पाहुण्याला घेऊन जाणं म्हणजे यजमानाची परीक्षा. शेजारच्या टेबलावर चार महाग पदार्थ आले आणि आपल्याकडे दोन साधे, तर मान खाली जाते. मॅकडोनाल्ड्समध्ये मेन्यूच एवढासा, आणि पदार्थांच्या किमतींत फारसा फरक नाही. त्यामुळे शेजारच्या टेबलाकडे बघायचं कारणच उरत नव्हतं. म्हणजे बघा, आपण इतकी वर्षं म्हणतोय की चिनी गिऱ्हाइकासाठी मेन्यू वाढवला, बदलला. आणि इथे चिनी गिऱ्हाइकाला सोयीची वाटलेली गोष्ट हीच होती की मेन्यू छोटा होता आणि बदललेला नव्हता!

यान यांचं प्रकरण निर्दोष आहे असं नाही. त्यातली माणसं दारातून आत आलेली, म्हणजे खिशाला तेवढं परवडणारी आहेत, बाहेर राहिलेल्यांबद्दल ते फार सांगू शकत नाही. एकंदर पुस्तकाचा सूरही मला कंपनीबद्दल जरा जास्तच मवाळ वाटतो. काउंटरच्या या बाजूची माणसं भरपूर भेटतात, त्या बाजूची कमी. पण पदार्थ आणि जागा या दोन गोष्टी यान यांनी वेगळ्या करून पाहिल्या, आणि पुढे ज्यांनी त्यांना उद्धृत केलं त्यांच्यातल्या अनेकांनी त्या परत एकत्र कालवल्या.

दुसरा मजकूर अगदी वेगळ्या गावचा. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या नोव्हेंबर २०११च्या अंकात डेव्हिड बेल आणि मेरी शेलमन यांचा केएफसी चीनवरचा लेख आला. 'चवीनुसार मेन्यू' या वाक्यामागे तळटीप असली तर ती अनेकदा या लेखाची असते. मी तीच दिली होती. आणि लेख? खरं सांगते, सारांश आणि मेन्यूवरचा भाग, एवढाच वाचला होता.

पूर्ण वाचल्यावर काय दिसलं? अमेरिकेतल्या केएफसीत २९ पदार्थ असताना चीनमध्ये सुमारे ५०, हे लेखात आहे. गावागणिक तिखटपणा कमीजास्त, हेही आहे. पण लेखकांच्या मते यशामागे आणखी चार गोष्टी आहेत : लहान-मध्यम शहरांत झपाट्याने विस्तार, मालाच्या साठवणुकीची आणि वाहतुकीची स्वतःची प्रचंड यंत्रणा, कर्मचाऱ्यांचं कसून प्रशिक्षण, आणि दुकानं फ्रँचायझीला न देता स्वतःकडे ठेवणं. शिवाय चीनमधली दुकानं अमेरिकेतल्यांपेक्षा मोठी, म्हणजे स्वयंपाकघरही मोठं. पन्नास पदार्थ करायचे तर ओटा आणि शीतगृह आधी लागतं, नंतर चव. वितरणाची यंत्रणा नसती तर मेन्यू कागदावरच राहिला असता. आम्ही उद्धृत करणाऱ्यांनी पाचांतली एक गोष्ट उचलली, कारण ती सांगायला मजेदार आहे. शीतगृहाच्या गोष्टीला टाळ्या पडत नाहीत.

या लेखाचीही एक मोठी अडचण आहे. तो एका यशस्वी कंपनीकडे बघून यशाची कारणं काढतो. पास झालेल्यांचेच पेपर तपासून पास होण्याचं रहस्य शोधावं, तसं हे आहे. सगळ्यांनी निळ्या शाईने लिहिलेलं असेल, पण नापास झालेल्यांनीही निळ्याच शाईने लिहिलं होतं का, हे कोण बघणार?

म्हणून नापास झालेल्यांकडे जाऊ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शांघायहून रोंगह्वा चिकन नावाची साखळी केएफसीला आव्हान देत बीजिंगमध्ये आली. तळलेलं चिकन, पण बरोबर अंड्याचा फोडणीचा भात, सूप, आंबट-तिखट भाजी. स्वस्त आणि चवीने घरची. केएफसी जिथे दुकान उघडेल तिथे आम्ही उघडू, अशी त्यांची घोषणा होती. सुरुवातीला गर्दीही झाली. पण २०००च्या सुमारास रोंगह्वाला बीजिंगमधून गाशा गुंडाळावा लागला. चव हेच कारण असतं तर रोंगह्वाने केएफसीला धूळ चारायला हवी होती.

दुसरं उदाहरण तर त्याच घरातलं. केएफसीच्या मालक कंपनीने, यमने, २००५मध्ये शांघायला 'ईस्ट डॉनिंग' नावाची चिनी फास्ट फूडची साखळी काढली. सगळा मेन्यू चिनी. पैसा, जागा, माल, प्रशिक्षण, सगळं केएफसीच्या अनुभवाचं. ती कधी मोठी झालीच नाही आणि शेवटी बंद करावी लागली. एकच कंपनी, एकच देश, पदार्थ चवीच्या अधिक जवळचे, आणि निकाल उलटा. नैसर्गिक प्रयोग म्हणतात तो याच्या इतका जवळ आपल्या विषयांत फार क्वचित येतो. तरी हे उदाहरण प्रस्तावांमध्ये क्वचितच दिसतं, कारण फसलेल्या दुकानाची गोष्ट कोण आवडीने सांगतं?

आता योउत्याओकडे परत येऊ. २००८च्या जानेवारीत केएफसीने तो विकायला सुरुवात केली. चव? ती तर कोपऱ्यावरच्या गाडीवर आधीपासून होती, आणि तीही केएफसीपेक्षा स्वस्त. मग केएफसीतून तो कुणी का घ्यावा? जाहिरात बघितली की उत्तर मिळतं. पारंपरिक योउत्याओ फुगवायला तुरटी घालतात, आमच्या योउत्याओत तुरटी नाही, तो निर्धास्त खा, असं कंपनी सांगत होती. विकला जात होता तो भरवसा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेलामाइन मिसळलेल्या दुधाचं प्रकरण उघडकीला आलं आणि खाण्यातल्या भरवशाची किंमत काय असते हे साऱ्या देशाने पाहिलं. उलटी बाजूही आहे : २०१२च्या अखेरीस कोंबड्यांना दिलेल्या प्रतिजैविकांचं प्रकरण गाजलं तेव्हा चीनमधल्या केएफसीची विक्री घसरली. मेन्यू तोच होता, लोकांच्या जिभा त्याच होत्या.

भरवशाच्या जोडीला घड्याळही बघा. चिकनचं दुकान सकाळी सात वाजता रिकामं असतं, भाडं मात्र चोवीस तासांचं द्यावं लागतं. सकाळी गिऱ्हाईक आणायचं तर न्याहारीला लोक जे खातात तेच ठेवावं लागणार. पेज, सोया दूध आणि योउत्याओ हे तिन्ही सकाळचे पदार्थ आहेत, हा योगायोग नाही. बर्गर वर्षातून चारदा खायची गंमत होती तोवर त्याचं परकेपण हेच भांडवल होतं. दर आठवड्याला, कामावर जाता जाता खायला बोलवायचं तर परकेपण आड येतं. 'चव बदलली' म्हणण्यापेक्षा 'खाण्याचा वार आणि वेळ बदलली' हे म्हणणं मला पुराव्याच्या अधिक जवळचं वाटतं. (माझ्या प्रबंधाचा रोखही आता इकडेच वळलाय, त्यामुळे माझा कल गृहीत धरून वाचा.)

बीजिंगच्या गुंडाळीला मी आणखी एक कसोटी लावून बघते : स्वयंपाकघरात नेमकं काय बदललं? तळणी तीच, चिकनच्या पट्ट्या त्याच धर्तीच्या, पोळी गुंडाळायची रीत तीच. याच साच्यातली एक 'मेक्सिकन' गुंडाळीही चीनमध्ये विकली गेली आहे. सॉस आणि नाव बदललं की एकाच साच्यातून बीजिंगही निघतं आणि मेक्सिकोही. अमेरिकन काय आणि चिनी काय हे पदार्थाच्या नावावरून ठरवायचं की कामाच्या पद्धतीवरून? जॉर्ज रिट्झर यांनी १९९३मध्ये 'मॅकडोनाल्डायझेशन'बद्दल लिहिलं तेव्हा त्यांचा रोख पद्धतीवर होता, बर्गरवर नव्हता. मेन्यूत पेज आली म्हणून रिट्झर खोटे ठरले असं लिहिणाऱ्यांनी ते पुस्तक पुन्हा उघडावं.

आणि सगळ्यात गमतीचं उदाहरण : 'न्यू ऑर्लिन्स' भाजलेले पंख. चीनमधल्या केएफसीचा हा अत्यंत लोकप्रिय पदार्थ. गोडसर, किंचित तिखट, लालसर. त्याचं अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराशी नातं जवळजवळ नावापुरतं. पण चीनमध्ये 'ऑर्लिन्स' ही आता एक चवच झाली आहे. दुकानात त्या नावाचा मसाला मिळतो, घरी लोक तो लावून कोंबडी भाजतात. इथे कोण कोणाच्या चवीनुसार बदललं? कंपनीने एक चव घडवली, तिला परकं नाव दिलं, आणि लोकांनी ती घरी नेली. चव आधी आणि मेन्यू नंतर हा क्रम इथे चक्क उलटा आहे. 'चवीनुसार बदल' या चौकटीत हा पदार्थ बसवायचा कुठे? मी तो माझ्या जुन्या सिनॉप्सिसमध्ये तळटीपेत ढकलला होता. जे बसत नाही ते तळटीपेत, ही आपली जुनी खोड.

मग चव हे कारण म्हणून कधीच धरायचं नाही का? धरता येतं. पण पुरावा मेन्यूच्या बाहेरून आणावा लागतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत कोंबडीच्या छातीचं मांस महाग आणि पाय फेकून देण्याच्या लायकीचे, तर चीनमध्ये पंख आणि पाय यांना छातीपेक्षा जास्त भाव. अमेरिकेतून चीनमध्ये कोंबडीचे पाय जहाजं भरभरून जातात, त्यावरून २०१०मध्ये आयातशुल्काचा झगडासुद्धा झाला. हा पसंतीचा पुरावा केएफसीच्या मेन्यूवर अवलंबून नाही, बाजारभाव आणि आयातीच्या नोंदी यांतून तो वेगळा मिळतो. त्याच्या आधारे कुणी म्हणालं की चिनी केएफसीतला बर्गर मांडीच्या मांसाचा असण्यामागे लोकांची पसंती आहे, तर मी ते मान्य करीन. इथे वर्तुळ नाही, कारण दोन टोकं वेगवेगळ्या ठिकाणी रोवलेली आहेत.

'चिनी चव' या शब्दाबद्दल थोडक्यात. सिचुआनची की शांघायची? भाताच्या दक्षिणेची की गव्हाच्या उत्तरेची? 'भारतीय चवीनुसार' असं कुणी लिहिलं तर कोल्हापूरचा माणूस आणि मालवणचा माणूस दोघंही भुवया उंचावतील. दुसऱ्याच्या देशाबद्दल लिहिताना मात्र आपण एक विशेषण लावून मोकळे होतो. मैत्रिणीच्या खर्ड्यात 'चिनी' हा शब्द त्या एका पानावर अकरा वेळा होता. मी मोजला, कारण माझ्या खर्ड्यात कुणीतरी असाच मोजला होता.

तिच्या पानावर मी 'म्हणून' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात तारखांच्या दोन रांगा लिहून पाठवल्या. बाकी काही नाही. परवा तिचं उत्तर आलं. चीनचा परिच्छेद तिने काढलेला नाही, पण त्याखाली आता प्रश्न आहे : विक्रीचा किती भाग सकाळी दहाच्या आत होतो, आणि पेज आल्यावर त्यात काय फरक पडला? त्यासाठी कंपनीचे वार्षिक अहवाल लागतील, आणि त्यांत वेळेनुसार फोड मिळेलच असं नाही. गाइडना दाखवायच्या आधी ती ते तपासतेय.